गणू, माझा बत्ता

गणू, हिरूने आपला दगड खाडीत टाकला.

हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मी लिहायला बसले. ठाण्याहून मासिक काढणारे गृहस्थ आले होते. म्हणाले, गणपतरावांवर दोन पानं द्या, जन्म, शिक्षण, नोकरी, गुरू, स्वभाव. मी म्हटलं, तेवढं तुम्हीच लिहा, ते कुणाच्याही नावाखाली खपतं. मला लिहायचं तर मी त्याच्याशीच बोलेन. ते जरा चाचरले आणि म्हणाले, बोला. लग्नाआधी तीन बुकं शिकलेल्या बाईकडून त्यांनीही जास्त अपेक्षा केली नसावी.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं सांगते, तू मध्ये बोलू नकोस. बीन म्हणजे दोन भोपळ्यांवर आडवी टाकलेली लांब दांडी आणि तिच्यावर ताणलेल्या तारा. बाकीचे बीनकार दांडीवर बसवलेल्या पट्ट्यांवर, म्हणजे पडद्यांवर, बोटाने तार दाबतात. हा आणि ह्याच्यासारखे थोडे लोक पडदे काढून टाकतात, बीन समोर जमिनीवर ठेवतात, उजव्या हाताने तार छेडतात आणि डाव्या हातातला गुळगुळीत दगड तारेवरून सरकवतात. दगड जाईल तिथे सूर. मध्ये थांबायला पायरी नाही, धरायला कठडा नाही. केसभर चुकलं तरी सगळ्यांना ऐकू येतं. मोठे बीनकार ह्यांना दगडफोडे म्हणायचे. तू स्वतःच आपलं नाव तसं सांगायला लागलास, तेव्हा त्यांची गंमत गेली.

आणि तुझा दगड माझा होता. हेही वाचणाऱ्यांना कळू दे.

नवरा गेल्यावर मी सासरहून परत निघाले, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, काय नेणार. ते वैद्य होते. मी त्यांचा लहान खल मागितला, काळ्या दगडाचा, होडीच्या आकाराचा, आणि त्यातला बत्ता. माझा नवरा त्यात बापासाठी औषधं घोटायचा, त्याचा हात त्या बत्त्याला लागलेला होता. बाकी त्या घरातलं मला काही नको होतं. कल्याणला माहेरी आले तेव्हा आई गेलेली होती आणि तू अंगणात शेंबूड पुसत उभा होतास. तुझा पहिला खोकला मी त्याच खलात सुंठ घोटून घालवला. पुढचेही सगळे.

मग तू मोठा झालास, स्टेशनात माल उतरवून घेणारा कारकून झालास, लग्न केलंस, बायको लवकर गेली, पुन्हा लग्नाचं नाव काढू दिलं नाहीस. आणि एकदा भिवंडीला दाऊदमियांना ऐकून आलास. ते उत्तरेकडून येऊन तिथे मागावर बसलेले. दिवसभर लुगडी विणायची आणि दिवस कलला की बिनीवर दगड फिरवायचा. तू घरी आलास तो जेवलाच नाहीस. नंतर कितीतरी दिवस खाडीवरून दगड आणायचास, हातात धरून बघायचास, फेकायचास. एखादा खरखरीत, एखादा जड, एखादा हातात बसेना. आणि एका सकाळी माझ्या खलात बत्ता नव्हता.

तू विहिरीच्या पायरीवर बसून तो घासत होतास. विटेची भुकटी, मग राख, मग कोंडा, मग खोबरेल. मी म्हटलं, माझा बत्ता दे. तू म्हणालास, देतो की. महिन्यामागून महिने तू तो घासलास. त्यावर बोट ठेवलं तर बोट निसटायला लागलं.

तेव्हापासून थंडी पडली, मला खोकला झाला, की मी सुंठ पाट्यावर वाटायची आणि वाटता वाटता ओरडायची, गणू, माझा बत्ता दे. तू ओसरीवरून म्हणायचास, ‘आक्का, आज नाही, आज तो सुरात आहे.’ एवढ्या वर्षांत तो एकदाही सुरातून बाहेर आला नाही. शेजारणी हसायच्या. एकीने मला नवा बत्ता आणून दिला, तो मी तिच्याच दारात ठेवून आले. मला बत्ता हवा होता असं तुम्हा सगळ्यांना वाटत होतं.

तुझं वाजवणं मला पहिल्यापासून आवडलं असं मी लिहिणार नाही. सुरुवातीला मांजर दारात अडकल्यासारखा आवाज यायचा. पुढे तो बदलला, का माझा कान बदलला, ते माहीत नाही. बायको गेली तेव्हा तू रडला नव्हतास. नंतर एका पावसाळ्यात मी चुलीशी बसले होते आणि ओसरीवर तुझा दगड वरच्या सुरावरून खाली यायला निघाला. तो खाली पोचेपर्यंत मी भाकरी उलटायची विसरले. करपलेली भाकरी तुझ्याच पानात वाढली. तू ती खाल्लीस.

एकट्याने वाजवून तुझं भागलं असतं तर बरं झालं असतं. पण तुला माणसं हवी होती. गाडीचा पास होता, सुट्टी मिळाली की निघायचास. कुणी म्हणालं, घोडबंदरला एक म्हातारा दगडाने वाजवतो, की तू खाडीतून होडीने घोडबंदरला. कुणी म्हणालं, दिव्याला मिठागरावर एकजण फुटक्या तंबोऱ्यावर औषधाची बाटली घासतो, की तू दिव्याला. तिथून आलास तो गुडघ्यापर्यंत चिखलात, तोंड असं फुललेलं की मला वाटलं बढती मिळाली. म्हणालास, ‘सापडला.’

तो हिरू. आगरी, मिठागरावर फावडं मारणारा, तळहात मिठाने चिरलेले. त्याला तू दांडी करून दिलीस, भोपळे आणून दिलेस, मुंबईहून तार आणलीस, आणि खाडीवरून जो एकच दगड तुला स्वतःला थोडाफार आवडला होता आणि तू ठेवून दिला होतास, तो घासून त्याला दिलास. त्याने खाडीत टाकला तो हाच.

बाकीचे येत-जात असायचे. कायमचे दोघे, दाऊदमियां आणि हिरू. त्यांच्यासाठी मी पाण्याचं वेगळं भांडं ठेवलं होतं आणि हिरूच्या हातात काही द्यायचं तर वरून टाकायची. तू मुद्दाम त्याच भांड्यातून पाणी प्यायचास आणि माझ्याकडे बघत प्यायचास. मी म्हणायची, घर माझ्या बापाचं आहे, सोवळं माझं आहे. तू म्हणायचास, ‘घर माझ्याही बापाचं आहे आणि मला तहान लागली आहे.’ हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. तू गेलास म्हणून मी हरले असं समजू नकोस.

ठाण्याला वकिलांच्या घरी गाण्याबजावण्याची मंडळी जमायची, तिथे दगडवाल्यांनाही बसवा म्हणून तू वर्षभर त्यांच्या मागे लागलास. शेवटी त्यांनी बोलावलं. तू हिरूला घेऊन गेलास. तुझी जागा आत गालिच्यावर, त्याची अंगणात, असं निघालं. तू आपली बीन उचललीस आणि अंगणात त्याच्याशेजारी जाऊन बसलास. दोघांनी भर उन्हात वाजवलं. आतून कुणी बाहेर आलं नाही. पानसुपारी झाली, हसणं झालं, तुमचं वाजवून संपलं तेव्हा आत दुसऱ्याचं गाणं सुरू झालं होतं. घरी आल्यावर मी विचारलं, मग ह्याचा उपयोग काय झाला? तू डोक्यावर पाणी ओतून घेत होतास. म्हणालास, ‘उपयोग कशाला हवा? त्याला ऊन लागत होतं, मी सावलीत कसा बसू?’

त्यानंतर तू कुणाच्या घरी गेला नाहीस. आपल्याच अंगणात रथसप्तमीला सगळ्यांना बोलवायला लागलास. मी सकाळी सूर्याला दूध उतू घालवायची, गोवऱ्या विझायच्या आधी तुमच्या तारा जुळायला लागायच्या, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत चालायचं. त्यात तू एक नवीनच खूळ काढलंस. सगळ्यांचं वाजवून झालं की प्रत्येकाने आपला दगड डावीकडच्याला द्यायचा आणि उजवीकडच्याचा घेऊन वाजवायचं.

दाऊदमियांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांच्याकडे दगड दुसऱ्याच्या हाती जात नाही, माणूस गेला की त्याच्याबरोबर जमिनीत जातो. त्यांच्या उस्तादांचा गेला होता. तू म्हणायचास, ‘मियां, मातीला काय वाजवता येतं? पुढच्या हातात द्या.’ पहिल्या वर्षी ते रागावून उठले होते. दुसऱ्या वर्षी दिला. परका दगड हातात आला की सगळेच बेसूर व्हायचे, तिथे कुणी उस्ताद उरायचा नाही, आणि एवढं हसायचे की गल्लीतली माणसं डोकावायची. तुला तेच हवं होतं. मला एवढंच दिसायचं की माझा बत्ता अंगणभर फिरतोय. मी दारातून म्हणायची, आता आलाच आहे सगळ्यांच्या हातातून तर माझ्याही हातात द्या. सगळे मिळून म्हणायचे, आज नाही, आज सुरात आहे.

मग ह्या रथसप्तमीचं.

मुंबईत गाठीच्या तापाने माणसं मरत होती. जी मरत नव्हती ती गाडीत बसून इकडे येत होती. स्टेशनात उतारूंच्या बगला तपासत होते. मालधक्क्यावर धान्याच्या पोत्यांत उंदीर मरून पडायला लागले, ते तूच मला सांगितलंस. पारनाक्यावरची दोन घरं बंद झाली. मी तुला म्हटलं, ह्या वर्षी कुणाला बोलवू नकोस. तू ऐकेनास. मी म्हटलं, बरं, जमा, पण दगड बदलू नका. एका वर्षाने काय बिघडतं?

तू तारांना खोबरेल लावत होतास. मान वर न करता म्हणालास, ‘आक्का, ह्याच वर्षी बदलायला हवेत. लोक एकमेकांच्या सावलीला भ्यायला लागलेत. ह्या वर्षी दगड घेतला नाही तर पुढच्या वर्षी एकमेकांच्या अंगणात कोण येणार?’

‘मोठं बोलू नकोस. मेलास तर?’

‘मेलो तर तुझा बत्ता तुला मिळेल. इतकी वर्षं मागते आहेस.’

मी उठून आत गेले. त्यावर काय बोलायचं होतं ते मला अजून सुचलेलं नाही, गणू. रोज शोधते.

त्या सकाळी तिघेच होतात. घोडबंदरचा म्हातारा आला नाही, ठाण्याचे कुणी आले नाहीत. तुझा बत्ता दाऊदमियांकडे गेला, त्यांचा हिरूकडे, हिरूचा तुझ्याकडे. हिरूचा दगड तुझ्या हाताला लहान, तू एक सूर धरायला गेलास आणि भलत्याच जागी जाऊन पडलास. दाऊदमियां म्हणाले, ‘गणपतराव, हा राग कुठला? स्टेशनात मालाबरोबर आला काय?’ तू हसता हसता दगड मांडीवर ठेवलास आणि त्याच हाताने डोळे पुसलेस.

ते मी बघितलं. त्याच हाताने डोळे पुसलेस.

थोड्याच दिवसांत तू मालधक्क्यावरून लवकर परत आलास आणि ओसरीवर आडवा झालास. काखेत गाठ होती. मी तुला आत आणून दार लावून घेतलं. तपासायला फिरणारी माणसं आली तेव्हा सांगितलं, घरात कुणी नाही. तू आतून म्हणालास, ‘आहे.’ तुला लपताही येत नव्हतं.

डोली आणली. तुला गावाबाहेरच्या इस्पितळाच्या झोपड्यांत नेणार आणि मला दुसऱ्या टोकाला वेगळ्या छपरात ठेवणार. फाटकापाशी तू डोली थांबवायला लावलीस. उशाखाली ठेवलेला बत्ता तू निघताना मुठीत धरला होतास. हात बाहेर काढलास आणि म्हणालास, ‘आक्का, घे तुझा बत्ता.’

आयुष्यात पहिल्यांदा तू आपणहून देत होतास. मी म्हटलं, ‘राहू दे तुझ्याकडेच. आल्यावर मागेन.’

तू हात तसाच धरून राहिलास. डोली उचलणारे खोळंबले होते. मग त्यांच्यातल्या एकाने तो तुझ्या हातातून काढून, मागे जाऊन ओसरीच्या कडेवर ठेवला, बिनीशेजारी. मला न्यायला आलेल्या बाईने मला ओढलं. बस. आपलं शेवटचं बोलणं ते. मी तो घेतला असता तर तुला कळलं असतं की मी समजले आहे. मला समजायचं नव्हतं. तू जातो आहेस ह्याची पोच मी देणार नव्हते.

तू गेल्याचं मला छपरात एका माणसाने लांबून ओरडून सांगितलं. त्याने आधी दुसऱ्याच बाईला सांगितलं होतं, मग नाव पुन्हा विचारून माझ्याकडे वळला. तोपर्यंत ती बाई छाती बडवून घेत होती, ती थांबली, आणि मी उठून तिला पाणी दिलं. मला दुसरं काय करावं कळलं नाही.

तुला खाडीपलीकडे जाळलं. त्या दिवशी बरेच होते. अस्थी मागितल्या तर म्हणाले, कुठल्या कुणाच्या हे सांगता यायचं नाही. म्हणजे तुझं मला काहीच मिळालं नाही. तोंड बघायला मिळालं नाही, राख मिळाली नाही. इथल्या सगळ्यांनी बायकांना सांगायच्या गोष्टी मला सांगून झाल्या, देवाची इच्छा, सुटला बिचारा, पुण्यवान होता. मी कुणाचं काही ऐकत नाही. तू सुटायला धडपडत नव्हतास. तुला पुढच्या वर्षी तार आणायची होती.

छपरातून सोडलं तेव्हा मी घरी आले. कौलं उतरवलेली, ऊन आत यावं म्हणून. भिंती चुन्याने पांढऱ्या. घर मेल्यासारखं नव्हतं, धुऊन वाळत टाकल्यासारखं होतं. अंथरूण, कपडे, तुझी बीन, सगळं अंगणात जाळलं होतं, तू रथसप्तमीला बसायचास त्याच जागेवर. राखेत तारांचा गुंता होता. मी काठीने राख उकरली. बत्ता निघाला. काळाच होता, आणखी काळा झाला होता, पण तडा नव्हता. पदराने पुसला तर तसाच चमकायला लागला. मला इतका राग आला की मी तो भिंतीवर मारला. भिंतीचा चुना उडाला. त्याला काही झालं नाही.

खलही अंगणाच्या कोपऱ्यात पालथा पडलेला सापडला. छपरात ओल होती, मला खोकला लागला होता. मी खल धुतला, सुंठेचा तुकडा टाकला आणि तुझ्या जन्मभराच्या उपकाराने परत मिळालेला बत्ता हातात घेतला.

गणू, तो सुंठ फोडत नाही.

तू तो इतका घासलास की त्याला पकडच राहिली नाही. सुंठेवर ठेवला की सरकतो. दाबला की सरकतो. मी दुपारभर बसले. सुंठ तशीच, खल तसाच, आणि तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नुसता फिरत होता, आवाज न करता. माझ्या नवऱ्याच्या हाताचं त्यात काही उरलं नव्हतं, आणि माझ्या उपयोगाचंही काही उरलं नव्हतं. तेव्हा मी रडले. तू गेल्यावर पहिल्यांदा. माणूस गेला म्हणून नाही, सुंठ फुटत नाही म्हणून.

दाऊदमियां आले ते फाटकाबाहेरच बसले. म्हातारे झालेत, तुझ्या जाण्याने आणखी. बत्ता बघून म्हणाले, ‘बाई, हा त्यांच्याबरोबर जायला हवा होता. तुमच्यात अस्थी पाण्यात सोडतात. अस्थी नाहीत, तर हा सोडा. त्यांना जागा मिळेल.’ भटजींना विचारलं तर त्यांनीही मान डोलावली. आपल्या फाटकात भटजी आणि दाऊदमियां एका मताचे झाले, आणि ते बघायला तू नव्हतास.

मी गेलेही होते खाडीवर, बत्ता घेऊन. दुर्गाडी किल्ल्याच्या खाली घाटावर बसले. भरती होती. सोडला असता तर लोकांच्या दृष्टीने तुझं सगळं झालं असतं. पण मग दाऊदमियांशी तू इतकी वर्षं घातलेला वाद तू हरला असतास, आणि तोही माझ्या हातून, तुला तोंड उघडता येत नसताना. मी उठून परत आले. परत आणून करायचं काय, तेही कळेना. सोडवत नाही, वाजवता येत नाही, घोटायला चालत नाही. खलात ठेवायची आणि बघत बसायची.

परवा हिरू आला.

नेहमीसारखा अंगणाच्या कडेला बसला, तुझ्या त्या जळक्या जागेपासून लांब. वाळला आहे. कौलं नसलेल्या आढ्याकडे बघत होता. मग म्हणाला, त्याने आपला दगड बांधावरून खाडीत टाकला. बीन मोडून चुलीत घातली. मी विचारलं, का?

‘माजे दगडानं नेला त्याला, आक्का.’

मी म्हटलं, असं काही नसतं. मला तसं खरंच वाटत होतं असं नाही, पण म्हटलं.

तेव्हा त्याने सांगितलं. रथसप्तमीला तो आला तेव्हा त्याच्या घरात आई तापाने पडलेली होती. त्याने ते तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आक्काने फाटकातून आत घेतलं नसतं, आणि वर्षातला तो एक दिवस त्याला सोडवेना. सकाळी निघताना तिला पाणी पाजलं आणि त्याच हाताने दगड उचलला. आठवड्यात आई गेली. मग तू गेलास. तो म्हणाला, ‘आता मी हाताला कायबी लावनार नाय. मिठागर आनि मी.’

गणू, मला त्याला मारावंसं वाटलं. हे मी लिहिणार, कारण खरं आहे. तू डोळे पुसलेस तो हात माझ्या डोळ्यांसमोर आला. मी उठून उभी राहिले, पुन्हा बसले. तोही हलला नाही. माझ्याकडे बघत होता, मी काय करते त्याची वाट बघत. तो त्यासाठीच आला होता, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. त्याला कुणीतरी शिक्षा द्यायला हवी होती आणि माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मला मालधक्क्यावरचे उंदीर आठवले. मुंबईहून येणारी पोती आठवली. तू रोज त्या पोत्यांना हात लावत होतास. ताप कुठून आला हे आता कुणालाच कळायचं नाही, आणि मी मरेपर्यंत त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात भांडत राहणार. मी हिरूला म्हटलं, ‘तुझ्या दगडाने नेला असेल. नसेलही. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. ह्यापुढे दोघांनी तेवढं घेऊन जगायचं.’

आत गेले. खलातून बत्ता काढला. बाहेर येऊन त्याच्यापुढे धरला.

तो मागे सरकला. ‘मना नको, आक्का.’

मी म्हटलं, ‘हा जळून निघालाय. ह्यात आता ताप उरलेला नाही आणि गणूही उरलेला नाही. नुसता दगड आहे. खलात चालत नाही, गणूने त्याचं काम बिघडवून ठेवलंय. आता तो एकाच कामाचा राहिलाय आणि ते काम मला येत नाही.’

तो रडायला लागला. मी त्याचा हात ओढला. इतकी वर्षं मी त्याच्या हातात वरून टाकत आले, ते तुला ठाऊक आहे. टाकला असता तर त्याने तो खाली पडू दिला असता. म्हणून तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटली. मिठाने चिरलेली, खरखरीत बोटं. तुझा हात लहानपणी असा नव्हता, पण मूठ तेवढीच गरम होती. नंतर मी हात धुतले नाहीत. विसरले. एवढ्यावरून तू लगेच भांडण जिंकल्याचं धरू नकोस.

तो म्हणाला, ‘आक्का, तू मागशील तवा आनून देन.’

‘द्यायचा नाही,’ मी म्हटलं. ‘रथसप्तमीला घेऊन यायचा, ह्या अंगणात वाजवायचा. मी मागेन. मागितला की द्यायचा नाही. गणूने कधी दिला नाही.’

तो कळल्यासारखा बघत राहिला. कुणास ठाऊक, कळलं असेल. कंबरेच्या फडक्यात बत्ता बांधून गेला. जाताना वाजवीन म्हणाला नाही, येईन म्हणाला नाही.

हे वाचून लोकांना वाटेल, चांगलं झालं. काही चांगलं झालेलं नाही. त्याच्याकडे बीन नाही, तारा नाहीत. दाऊदमियांनी ऐकलं तर माझ्या फाटकाशी पुन्हा येणार नाहीत. दिव्याला पुन्हा घरं बंद होताहेत, काल पलीकडच्या गल्लीत उंदीर पडला. हिरू रथसप्तमीपर्यंत असेल का, मी असेन का, मला माहीत नाही. तू वीस ठिकाणी चिखल तुडवून माणसं जमवलीस आणि शेवटी एका मिठागरवाल्याच्या फडक्यात एक दगड उरला आहे. तुझं सगळं तेवढंच आहे. मी अजून सुंठ पाट्यावर वाटते. खल रिकामा आहे. पाट्यावर वाटताना तोंडात शब्द येतात आणि ओसरीवरून उत्तर येत नाही. हे असं किती दिवस चालायचं?

गणू, फाटकात तू हात पुढे केला होतास आणि मी घेतला नाही. मला बत्ता नको होता. कधीच नको होता. मागण्यापुरता तू ओसरीवर हवा होतास.

कौलं पावसाआधी घालून घेईन. रथसप्तमीला दूध उतू घालवीन आणि अंगणात बसेन. कुणी आलं तर म्हणेन, माझा बत्ता दे. कुणी आलं नाही तरी म्हणेन.